फ्रान्सच्या खेड्यात, जुन्या दगडी घरात आठ दिवस: आई-बाबांना घेऊन जावं का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे फ्रांकफुर्टला येतायत. याआधी दोनदा आले तेव्हा आम्ही त्यांना पॅरिस, प्राग, व्हिएन्ना असं पळवलं. फोटो छान आले, पण रात्री दोघंही पायाला तेल चोळत बसायचे. म्हणून या वेळी एकाच जागी आठ दिवस राहायचं ठरवलंय.

नवऱ्याने नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागात एक घर शोधलंय. सतराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर आहे. जाड दगडी भिंती, दगडाच्याच चिपांचं छप्पर, शेजारी कबुतरखाना आणि भाकरीची जुनी भट्टी. मालकांनी दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने ठेवलंय. सार्ला हे जवळचं मोठं गाव, गाडीने वीस मिनिटांवर. बोर्दोपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची गाडी असा बेत आहे. भाडं शनिवार ते शनिवारच घेतात.

फोटो पाहून मी हरखलेय, पण धाकधूकही आहे. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. आई ६८, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मुलगी नऊ वर्षांची. आजूबाजूला अक्रोडाची झाडं आणि दोन घरं, बस्स. अशा घरात कोणी राहिलंय का? की मुकाट्याने सार्लामध्ये हॉटेल घ्यावं?

भटक्या_जीव

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

ओक्सितानी

तुलूझला चौदा वर्षं राहतेय आणि दर वर्षी एकदा तरी अशा घरात जातो, त्यामुळे हक्काने लिहिते.

अशा घराला इथे 'जीत' म्हणतात. पूर्ण घर तुमच्या ताब्यात, स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा. 'शाम्ब्र दोत' वेगळं: तिथे मालक त्याच घरात राहतात, तुम्हाला खोली मिळते आणि सकाळचा नाश्ता त्यातच धरलेला असतो. आई अंडंही खात नसतील तर जीतच घ्या, स्वतःचं स्वयंपाकघर हाताशी हवं.

आता ज्या गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरात असतात त्या. पलंगपोस आणि टॉवेल भाड्यात असतातच असं नाही, आधी विचारा. शेवटच्या दिवशीची साफसफाई तुम्ही करायची किंवा तिचे वेगळे पैसे द्यायचे. अनामत रक्कम घेतात, घर नीट सोडलं की परत देतात.

गरम पाणी: बहुतेक घरांत टाकीचा गीझर असतो आणि तो रात्री स्वस्त विजेवर तापतो. सकाळी तिघांनी मनसोक्त आंघोळी केल्या की चौथ्याला कोमट पाणी, आणि पुढची टाकी दुसऱ्या दिवशी. आई-बाबांना आधी जाऊ द्या.

वीज: घराला ठराविक भार मंजूर असतो, खूप ठिकाणी सहा केव्हीए. ओव्हन, हीटर आणि किटली एकदम लावलं की मेन स्विच पडतो. घाबरू नका. तो खोका कुठे आहे ते पहिल्याच दिवशी मालकांना दाखवायला सांगा.

खेड्यात मैला सेप्टिक टँकमध्ये जातो. संडासात कागदाशिवाय काही टाकू नका.

शनिवारी पोचताय ना? मग वाटेतच दूध, भाज्या, तांदूळ घ्या. रविवारी दुपारनंतर खेड्यात एकही दुकान उघडं सापडणार नाही, आणि सोमवारी पाववाल्याची सुट्टी असायची शक्यता मोठी.

आणि बाबांसाठी मालकांना एकच प्रश्न विचारा: खाली निजायची खोली आणि संडास आहे का? जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात, कठडा एकाच बाजूला. खाली सोय नसेल तर हे घर सोडा, दुसरं बघा.

सोनचाफा

ओक्सितानी, किती नेमकं लिहिलंत! आत्ताच मेल टाकली. स्विचचं तर डोक्यातच आलं नसतं.

रानवारा

मी उलट बाजू सांगतो, कारण आमचं पूर्ण आठवड्याचं मातेरं झालं होतं.

चार वर्षांपूर्वी उत्तर फ्रान्समध्ये असंच एक 'जुनं, जीर्णोद्धार केलेलं' घर घेतलं. फोटोत उघडे दगड, शेकोटी, सगळं होतं. आत पाऊल टाकताच ओल्या गोणपाटासारखा वास. पहिल्याच रात्री मुलाला खोकला लागला. तिसऱ्या दिवशी कपाट हलवलं, तर मागचा जिप्सम बोर्ड कमरेइतक्या उंचीपर्यंत काळा. बाहेरून अख्ख्या घराला सिमेंटचा गिलावा मारला होता आणि आतून बोर्ड लावून ओल झाकली होती. मालकांना सांगितलं तर म्हणाले, जुनं घर आहे, असं होतंच.

'जीर्णोद्धार' हा शब्द वाचून भुलू नका. नेमकं काय केलंय ते विचारा.

वाईकर_वाडा

रानवारा, तुमचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. वाईला आमचा पणजोबांचा वाडा आहे, जोतं दगडाचं आणि वर विटा. चुलत्यांनी १९९० च्या सुमारास 'मजबुतीसाठी' खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हापासून माजघराला ओल आहे.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीला खाली ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. चुन्याचा गिलावा असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंट त्याची वाट बंद करतं. मग ते आणखी वर चढतं, नाहीतर आतल्या अंगाला फुटतं. फ्रान्स असो की वाई, भिंतीला हे दोन्हीकडे सारखंच.

पेरिगोरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चांगली आहे. त्याच जिल्ह्यात सेंट आस्तिए नावाचं गाव चुन्यासाठी नावाजलेलं आहे. तिथला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा चुना, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी परदेशातही जातो. आमच्या वास्तुविशारदबाई त्याचं नाव फार आदराने घेतात. सोनचाफा, मालकांना विचारा: भिंतींना चुना आहे का सिमेंट? काम मनापासून केलेला माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलेल.

मृण्मयी_प

+१ वाईकर. आणि सोनचाफा, जा हो! नक्की जा.

आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्याच भागात होतो. पहिल्या रात्री दीड वाजता डोक्यावर माळ्यावर धावपळ सुरू झाली. कोणीतरी अक्रोड गडगडवतंय असा आवाज. नवरा टॉर्च आणि केरसुणी घेऊन वर गेला तर तुळईवर एक करड्या रंगाचा, खारीसारख्या झुपकेदार शेपटीचा, काळ्याभोर डोळ्यांचा प्राणी बसलेला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, तो 'ल्वार', आता थोड्या दिवसांत झोपेल तो थेट वसंतात उठेल. फ्रेंचमध्ये गाढ झोपणाऱ्याला 'ल्वारसारखा झोपतो' असंच म्हणतात. आमची पोरं उरलेले दिवस रात्री जागून त्याची वाट बघत होती.

त्या घराची आठवण मात्र दुसरीच आहे. स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली होती, तिला 'सुयार्द' म्हणतात. त्यात खिडकीखाली एकसंध दगडाची मोरी. उथळ, फार तर चार बोटं खोल, आणि पाणी बाहेर टाकायला भिंतीतून आरपार खोदलेली पन्हळ. कडेच्या एका जागी दगड तळव्याएवढा झिजून गुळगुळीत झालेला. मी भांडी घासायला उभी राहिले की माझा डावा हात आपोआप तिथेच टेकायचा. त्याच जागी किती बायकांनी हात टेकला असेल हा विचार मी आठवडाभर करत होते.

तात्या६२

लेखन सगळ्यांचं छान आहे, पण मला मनापासून एक प्रश्न पडतो. राजापूरजवळच्या आमच्या घरात मी वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत राहिलो. पडवी, ओटी, माजघर, चिऱ्याच्या भिंती, सगळं होतं. पण माजघरात दिवसा कंदील लागायचा. आई चुलीच्या धुराने डोळे पुसत असायची. न्हाणीघर मागच्या दारी, पावसात इरलं घेऊन जायचं. त्या अंधारातून आम्ही सुटलो ते आईने हट्ट धरला म्हणून. आता त्याच अंधारात राहायला युरो मोजायचे, हे मला उमगत नाही. सोनचाफाच्या आईला विचारा, तिला सुट्टीत दगडी मोरीवर भांडी घासायची आहेत का?

मृण्मयी_प

तात्या, तुमचा प्रश्न रास्त आहे. भांडी घासायचं यंत्र होतं त्या घरात, मी हौसेने मोरीवर घासत होते. पण तुमच्या आईंना ती हौस नव्हती, सक्ती होती. हा फरक मला मान्य आहे.

इतिहासवेडा

तात्यांनी फार मोलाचा मुद्दा काढला, कारण ही जीत पद्धत जन्मली तीच खेडी ओस पडत होती म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या खेड्यांतून माणसं शहरांकडे लोटली आणि शेतघरं रिकामी पडून छपरं कोसळू लागली. दक्षिणेकडच्या आल्प्समधल्या एका जिल्ह्याचे सिनेटर एमिल ओबेर यांनी असं सुचवलं की शेतकऱ्याला रिकामं घर दुरुस्त करायला मदत द्यावी आणि शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना ते स्वस्तात सुट्टीसाठी मिळावं. शेतकऱ्याला चार पैसे जास्तीचे आणि घर उभं. पहिलं जीत १९५१ मध्ये उघडलं. १९५५ मध्ये 'जीत द फ्रांस' हा महासंघ झाला. ते घरांना तारे देत नाहीत, गव्हाच्या लोंब्या देतात, एक ते पाच. फ्रेंच कामगारांना पगारी रजा मिळाली १९३६ मध्ये, दोन आठवडे. १९५६ मध्ये तिसरा आठवडा मिळाला. म्हणजे घरंही रिकामी आणि माणसांना सुट्टीही, असा दोन्हीकडून मेळ बसला.

आणि सार्ला! या गावाला फार महत्त्व आहे. आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना १९६२ मध्ये एक कायदा झाला. त्याआधी एखादा किल्ला, एखादं चर्च संरक्षित व्हायचं. या कायद्याने अख्खी जुनी वस्तीच संरक्षित क्षेत्र करता येऊ लागली. त्याखाली ज्या गावाचा जीर्णोद्धार सगळ्यात आधी हाती घेतला, ते सार्ला. आज तिथल्या गल्ल्यांतून फिरताना मधाच्या रंगाचा जो दगड दिसतो, तो साठच्या दशकापर्यंत काजळलेला आणि ढासळत चाललेला होता.

अजून एक. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिवस असतात, १९८४ पासून. एरवी बंद असणाऱ्या कितीतरी खासगी वास्तू त्या दोन दिवशी उघडतात. सोनचाफा, तुमच्या तारखा बरोबर तिथेच येतायत.

भटक्या_जीव

त्या घरांच्या खिडक्या इतक्या लहान का असतात? दारं-खिडक्यांवर कर होता असं ऐकलंय.

इतिहासवेडा

होता. १७९८ मध्ये लागू झाला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. लोकांनी खिडक्या बुजवल्या होत्या.

ओक्सितानी

पण सतराव्या शतकातल्या घराची खिडकी १७९८ च्या करामुळे लहान कशी असेल, इतिहासवेडा? बुजवलेली खिडकी करामुळे असेल. मुळातच लहान आहे ती थंडीमुळे. काच महाग, भिंत दोन-सव्वादोन फुटांची, घरात उबेसाठी एकच शेकोटी. मोठी खिडकी ठेवून काय करणार? इथले गाईड सगळं त्या करावर ढकलतात.

इतिहासवेडा

मान्य. बुजवलेल्या आणि लहान यात मी गल्लत केली.

वाईकर_वाडा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मृण्मयी, तुमच्या घरात आतल्या भिंतींचे दगड उघडे होते का?

मृण्मयी_प

हो, बैठकीच्या खोलीत. फार सुंदर दिसत होते.

वाईकर_वाडा

मला हे पटत नाही, म्हणून विचारलं. कोपऱ्याचे आणि खिडकीच्या चौकटीचे घडीव दगड उघडे ठेवण्यासाठीच असतात. पण मधली भिंत ओबडधोबड दगडांची, आत माती आणि खडी भरलेली. तिच्यावर पूर्वीपासून चुन्याचा गिलावा असायचा. तो खरवडून दगड दाखवायची आवड अलीकडची. सांध्यांतली माती सुटत राहते, थंडी आत येते. आमच्याकडेही आता वाड्यांचे गिलावे काढून 'हेरिटेज लुक' करतायत. पाहिलं की जीव तुटतो.

मृण्मयी_प

तुमचं तांत्रिक म्हणणं बरोबर असेल, पण मला ते दगड बघत बसायला आवडलं, तेही खरं आहे.

खमंग

सगळे भिंतींवर बोलतायत, सोनचाफाच्या आईच्या जेवणाचं कोणी बोलेना.

पेरिगोर म्हणजे बदक आणि हंस. इथे तेलाच्या जागी बदकाची चरबी असते. 'पॉम सार्लादेझ' म्हणून लसूण-पार्सली घातलेले खरपूस बटाटे मिळतात, बघून वाटेल उपासाच्या दिवशीही चालतील. ते त्याच चरबीत परततात. 'तुरँ' हे लसणीचं सूपही बहुतेकदा तिच्यातच होतं, वर अंडंही असतं. विचारल्याशिवाय खाऊ नका. आणि 'मी शाकाहारी आहे' एवढंच सांगून भागत नाही, 'चरबीही नको' असं वेगळं सांगा.

काय मिळेल: अक्रोड! पेरिगोरच्या अक्रोडाला त्या प्रदेशाच्या नावाचं संरक्षण आहे, आपल्या वेंगुर्ल्याच्या काजूसारखं. अक्रोडाचं तेल सॅलडवर कच्चंच घाला, तापवलं तर कडवट होतं. बाजारात टोमॅटो, वांगी, भोपळा, ताजे राजमे भरपूर. शेळीच्या दुधाचं कबेकू नावाचं चीज असतं, पण पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. आई काटेकोर असतील तर तेही टाळा.

महत्त्वाचं: सांगलीहून तूप आणू देऊ नका! युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे. कस्टमवाले काढून घेतात. पेढेही त्यातच आले. मसाले, डाळी, भाजणी आणा. तूप तिथेच कढवा, फ्रान्सचं बिनमिठाचं लोणी त्यासाठी उत्तम.

सोनचाफा

खमंग, आईच्या बॅगेत पाऊण किलो तूप भरून तयार होतं! आत्ताच फोन केला. थोडी हिरमुसली, पण ऐकलं.

घरमालकांचं उत्तर आलं. खाली एक खोली आणि संडास-बाथरूम आहे, पूर्वी तो गोठा होता. भिंतींबद्दल विचारल्यावर दीड पानी मेल आली आहे. चुनाच वापरलाय. वाईकर, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं. घर ठरलं!

रानवारा

हे ऐकून बरं वाटलं. परत आल्यावर लिहा.

ओक्सितानी

आणखी दोनच सूचना. कुठेही आत शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा, मग पुढचं बोला. बोंजूर न म्हणता थेट विचारलेला प्रश्न इथे उद्धट समजतात. दुसरं, आडबाजूच्या रस्त्यांवर फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. शेतातून येणाऱ्या कच्च्या वाटेला नाही, पण गावातल्या गल्लीला हा नियम लागतो. आणि ११२ हा आपत्कालीन नंबर आई-बाबांच्या फोनमध्येही घालून ठेवा.

भटक्या_जीव

कबुतरखान्याबद्दल कोणी सांगा की. घराशेजारी कबुतरं कशाला पाळायचे?

इतिहासवेडा

खतासाठी आणि मांसासाठी. खत इतकं मोलाचं असायचं की द्राक्ष, भाजीपाल्याला जपून वापरत. उत्तर फ्रान्समध्ये कबुतरखाना बांधायचा हक्क जमीनदार सरदारांनाच होता. त्यांची कबुतरं शेतकऱ्याचं पेरलेलं बी टिपायची आणि शेतकऱ्याला हात लावायची बंदी. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले त्यात हाही गेला. दक्षिणेत नियम सैल होते, म्हणून तिकडे साध्या शेतघरांशेजारीही कबुतरखाने दिसतात.

खमंग

दादरकर मंडळींनी हा शब्द वाचायच्या आत मूळ विषयाकडे वळू या.

सोनचाफा

मंडळी, आलो परत! कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

आधी अडचणी. शनिवारी बोर्दोहून निघायला उशीर झाला, पोचेपर्यंत अंधार. शेवटचे दोन किलोमीटर नकाशा चालेना, मालकीणबाई टॉर्च घेऊन वळणावर उभ्या होत्या म्हणून घर सापडलं. दुसऱ्या दिवशी आईने भाजणीच्या थालीपिठाचा तवा, नवऱ्याने ओव्हन आणि मी वॉशिंग मशीन एकदम लावलं, अंधार झाला. ओक्सितानी, तुमचं नाव घेऊन स्विच वर केला. मोबाईलला रेंज फक्त कबुतरखान्याच्या पायरीवर. कागदी नकाशा घेऊन गेलो असतो तर बरं झालं असतं.

बाबांचं सांगते, कारण प्रश्न त्यांच्यासाठीच होता. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. पहिल्या सकाळी मी उठले तर ते बाहेर, अंगात शाल, भिंतीवर तळवा टेकवून उभे. मग नखाने सांधा हळूच खरवडून बघितला, बोटांवर चोळला. 'चुना आहे,' म्हणाले, 'आणि घाई न करता भरलाय.' पुढचा सगळा आठवडा हाच त्यांचा कार्यक्रम. मालक सत्तरीचे, इंग्रजी मोडकंतोडकं, बाबांचं फ्रेंच शून्य. तरी दोघं रोज सकाळी तासभर बोलायचे, हातांनी आणि कागदावर चित्रं काढून. छपराच्या त्या दगडी चिपांना 'लोज' म्हणतात. एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर वजन भरतं. खिळा जवळजवळ नाहीच, एकमेकींच्या वजनावर बसवलेल्या. म्हणून उतार इतका उभा आणि खाली ओक-चेस्टनटचे एवढाले वासे. मालकांनी बाबांना माळ्यावर नेऊन दाखवलं. दुखरे गुडघे घेऊन बाबा तो जिना चढले! मी खाली उभी राहून देवाचं नाव घेत होते.

आईचं: तात्या, तुमचा प्रश्न मी तिला खरंच वाचून दाखवला. ती म्हणाली, 'त्यांच्या आईचं खरं आहे, मलाही माहेरची चूल नको. पण इथे बटण दाबलं की शेगडी पेटते, आणि बसायला ही जागा आहे.' ही जागा म्हणजे शेकोटीच्या आतल्या बाजूचं दगडी बाकडं. तिकडे शेकोटीच्या या कोपऱ्याला 'कांतू' म्हणतात, म्हातारी माणसं ऊब घेत बसायची ती जागा. बाकड्याच्या फळीखाली मीठ ठेवायचा कप्पा असतो, शेकोटीशेजारी ते कोरडं राहावं म्हणून. आईने तिथे बसून लोणी कढवलं, म्हणजे कढवलं शेगडीवर पण दर पाच मिनिटांनी बघायला उठत होती. वास घरभर गेला. मालकीणबाई सुयार्दच्या खिडकीतून डोकावल्या, की काय चाललंय. बेरी चाखली, आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आल्या.

फिरलोही, पण थोडंच. लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रं पाहिली, म्हणजे मोंतिन्याक गावातली गुहेची नवी प्रतिकृती, २०१६ मध्ये उघडलेली. मूळ गुहा १९४० मध्ये सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून १९६३ पासून बंद आहे. लेकीला कास्तेलनोच्या किल्ल्यातली दगड फेकायची यंत्रं जास्त आवडली. सार्लामध्ये एका जुन्या चर्चचा बाजार केलाय, वास्तुविशारद जाँ नुव्हेल यांनी, आणि त्याच्या मनोऱ्यात काचेची लिफ्ट आहे. बाबा दोनदा वर गेले. वरून सगळ्या गावाची दगडी छपरं दिसतात, तीही त्यांनी मोजायला घेतली. रविवारी वारसा दिवसाला शेजारच्या गावातली एक जुनी पाणचक्की उघडी होती, अक्रोडाचं तेल काढायची. इतिहासवेडा, तुमच्यामुळे.

हॉटेल घेतलं नाही याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. पण खाली खोली नसती तर मी हे लिहिलं नसतं, हेही सांगते. ज्यांना आई-वडिलांना न्यायचंय त्यांनी ओक्सितानींचा तो एक प्रश्न विसरू नका.

तात्या६२

सोनचाफा, आईंना माझा नमस्कार सांगा. बटण आणि बसायला जागा, उत्तर मिळालं. राजापूरचं घर गेली बावीस वर्षं बंद आहे. ओटीवरचं छप्पर गेलंय असं भावकीतला मुलगा सांगत होता. दिवाळीत जाऊन बघेन म्हणतो.

मृण्मयी_प

ल्वार दिसला का??

सोनचाफा

आवाज आला! दिसला नाही. लेक रोज अक्रोड ठेवायची जिन्यावर, सकाळी गायब. बाबांवर संशय आहे.

वाईकर_वाडा

सोनचाफा, बाबांना माझा एक प्रश्न विचाराल का? आमच्या माजघराचा सिमेंट गिलावा काढायचा ठरलाय. गवंडी म्हणतो, काढल्यावर लगेच चुन्याचा करून टाकू, नाहीतर भिंत उघडी पडेल. वास्तुविशारदबाई थांबा म्हणतात. बाबांचं मत काय?

सोनचाफा

विचारलं. बाबांचं उत्तर जसंच्या तसं देते:

'थांबा. सिमेंट काढलं की भिंतीत तीस वर्षांचं पाणी आणि क्षार आहेत. ते आधी बाहेर येऊ दे. पावसाळ्यानंतर काढा आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत उघडी ठेवा. पांढरे क्षार फुटतील, ते कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. काढताना छिन्नी तिरकी धरायला सांगा, वीट फोडू नका. त्या फ्रेंच गृहस्थांनी खालची भिंत दीड वर्ष उघडी ठेवली होती, मला फोटो दाखवले.'

आणि खाली त्यांनी मला लिहायला लावलंय: 'मी नोव्हेंबरात सांगलीला परत येतोय. वाई लांब नाही. चालणार असेल तर एकदा भिंत बघून जाईन.'

वाईकर_वाडा

चालणार असेल तर काय! काकांना म्हणावं, जेवायलाच या. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.